अडीचशे झाडांची आंघोळ

ज्या दिवशी मी एका बाईच्या अडीचशे संत्र्याच्या झाडांना तिला न विचारता आंघोळ घातली, त्या दिवशी मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. टँकरच्या बॉनेटला टेकून, कमरेवर हात ठेवून मी पानांवरून निथळणारं पाणी बघत होतो. खदानवाल्यानं शेजारी म्हणून कसं वागावं, हे आता लोकांनी माझ्याकडून शिकावं, असं काहीतरी मनात चाललं होतं. मी काय करून बसलो आहे, हे कळायला पुढचे चार दिवस जावे लागले.

मी मूळचा नागपूरच्या इतवारीतला. घरचं भांड्यांचं दुकान. लहानपण हातगाड्या, टेम्पो आणि पितळी गंगाळांच्या खणखणाटात गेलं. आमच्या गल्लीत झाड म्हणून एक तुळस होती, तीही तिसऱ्या मजल्यावर. पुढे खाणकामाचा डिप्लोमा केला आणि कळमेश्वरच्या पलीकडे एका गिट्टी खदानीवर मॅनेजर म्हणून लागलो. काळ्या दगडाचा एक मोठा खड्डा, शेजारी तो दगड फोडून गिट्टी करणारा क्रशर, आणि ती गिट्टी शहरात नेणारे टिप्पर, असा आमचा संसार. नागपुरात ज्यांची घरं उभी राहतात त्यांना गिट्टी मिळते. धूळ आणि दणका मात्र आमच्या शेजाऱ्यांना.

नागपूरला बसणाऱ्या आमच्या शेठचं एकच सांगणं होतं: गाव खूश राहिलं पाहिजे, कसं ते तू बघ. मी बघितलं. सुरुंग रोज दुपारी दीडलाच उडवायचा आणि त्याआधी तीनदा भोंगा द्यायचा, असं ठरवून टाकलं. हळूहळू गावानं त्या भोंग्यावर जेवणाची वेळ बांधली. एकदा बिघाडामुळे भोंगा पावणेदोनला झाला, तर सरपंचांच्या घरून निरोप आला की वरण थंड झालं. टिप्परवर ताडपत्री बांधायला लावली, शाळा भरताना आणि सुटताना वाहतूक बंद केली, रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला सुरुवात केली. गेटवर एक तक्रारवही टांगली आणि तिच्यासोबत सुतळीला बांधलेला पेन. त्या वहीत कितीतरी वर्षं कोणी एक अक्षर लिहिलं नाही. याचा अर्थ तक्रारच नाही, असं मी शेठना सांगत असे. खरं कारण असं की आमच्या भागात माणूस तक्रार लिहीत बसत नाही, सरळ ऑफिसात येऊन खुर्चीत बसतो. पेन मात्र दर महिन्याला नवीन आणावा लागायचा.

त्या खुर्चीत सगळ्यात जास्त वेळा बसल्या त्या काकू. बैलगाडीच्या वाटेपलीकडे, क्रशरच्या अगदी समोर, त्यांची संत्र्याची बाग. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, पदर कमरेला खोचलेला, आणि आवाज असा की क्रशर चालू असतानाही शब्द न् शब्द ऐकू यावा. दर आठवड्याला काही ना काही घेऊन यायच्या. टिप्परवाल्यानं कुंपणाचा खांब वाकवला, ताडपत्री फाटकी आहे, दुपारचा पाण्याचा फेरा चुकला. त्यांची प्रत्येक तक्रार खरी निघायची, हीच माझी त्यांच्याविषयी तक्रार होती.

काकूंचे यजमान तीन वर्षांपूर्वी वारले होते. पहिली दोन वर्षं काकूंच्या धाकट्या दिरानं स्वतःच्या बागेसोबत हीही बाग सांभाळली. जमीन अजून दोन्ही घरांच्या सामाईक नावावर, त्यामुळे त्यांचा शब्द चालायचा. तिसऱ्या वर्षी काकूंनी सांगितलं, आता बाग मी बघते. त्यावर काय झालं, ते त्यांनीच मला खुर्चीत बसून ऐकवलं.

"आमचा दीर म्हणते, वहिनी, संत्र्याची बाग म्हंजे परसातले वांगे नाई. फुलाफळाचा एक बहार काढून दाखवा. निघाला तर बाग तुमची, मी पाय बी ठेवत नाई. नाई निघाला तर जेसीबी लावतो अन् कपाशी पेरतो."

"मग तुम्ही काय म्हणाल्या?"

"काय म्हणन? म्हटलं, लागली शर्त! हे झाडं मी माह्या हातानं लावले आहेत, साहेब. पोरगी पाळण्यात होती तवा खड्डे खोदले. यायले मी जेसीबी लावू देऊ का?"

त्या डिसेंबरात काकू पुन्हा आल्या. पानांवर धूळ बसून राहिली आहे, येऊन पाहा, म्हणाल्या. मी गेलो. झाडं खरंच पांढुरकी दिसत होती, पण माझी नजर दुसरीकडेच गेली. पानं सुकून दुमडलेली, पिवळी पडलेली. जमीन मुरमाड, आणि झाडांभोवतीची आळी ठणठणीत कोरडी. काकू धुळीबद्दल बोलत होत्या आणि मी मनात म्हणत होतो, अरेरे, बाईंकडे पाणी नाही आणि सांगायला त्यांना लाज वाटते आहे. विहिरीत मी स्वतः डोकावलो होतो. पाणी होतं. मोटार होती, वीजही होती. मग या झाडांना पाणी का देत नाहीत, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. एखादं चांगलं काम करायचं ठरवलं की माझं डोकं चालायचं बंद होतं, ही माझी फार जुनी खोड आहे.

दोन दिवसांनी काकूंच्या मुलीचं पारशिवनीला बाळंतपण झालं आणि काकू तिकडे गेल्या. त्यांचा गडी बहिणीच्या लग्नाला गेलेला. बाग रिकामी. मी खदानीतले दोन्ही टँकर खड्ड्यातल्या पाण्यानं भरून घेतले आणि सकाळीच वाटेपलीकडे नेले. टँकरचा ड्रायव्हर छत्तीसगडचा, शांत माणूस. त्यानं विचारलं, "साहब, मालकिन से पूछ लिया?" मी म्हटलं, "सरप्राइज है." त्यानं नळी उलगडायला घेतली. एकेका झाडाची पानं आम्ही धुतली, एकेक आळं तुडुंब भरलं. संध्याकाळपर्यंत अकरा खेपा झाल्या.

दुपारी काकूंचे दीर मोटारसायकलवरून चालले होते. गाडी उभी करून ते बराच वेळ बघत राहिले. मग हसले. "वा साहेब, वा! पुण्याचं काम करून राहिले तुमी," म्हणाले आणि निघून गेले. मला फार बरं वाटलं. घरी जाऊन बायकोलाही सांगितलं.

पाचव्या दिवशी काकू ऑफिसात आल्या. खुर्चीत बसल्या नाहीत.

"साहेब, माह्या बागेत पाणी कोणं देल्लं?"

"मीच देल्लं, काकू! पानं बी धुतली सारी," मी मोठ्या थाटात सांगितलं.

त्यांनी खुर्ची ओढली. मग खुर्चीत बसल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका खाली आला की मला क्रशर बंद करायला सांगावं लागलं.

"संत्र्याचं झाड खाऊनपिऊन सुखात असलं का नुसतं वाढते," त्या म्हणाल्या. "फांद्या काढते, पानं काढते. फुलं कायले काढन? त्याले तहान लावा लागते. महिना-दीड महिना पाणी तोडाचं. झाडाले वाटलं पाह्यजे का आता आपलं काही खरं नाई. मंग पाणी देल्लं का ते सारा जीव फुलात ओतते. याले ताण म्हणते. एकोणतीस दिवस झाले होते, साहेब. अजून बारा-पंधरा दिवस पाह्यजे होते. विहिरीत पाणी असून मी रोज मन घट्ट करून त्यायले तहानलेलं पाहून राहिली होती. अन् तुमी..."

"काकू, मले माहीत नव्हतं."

"मंग विचाराचं होतं ना गा! तोंड होतं ना तुमाले?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मला स्वतःची लाज वाटली. त्यांच्या दिराचं ते हसणं आता माझ्या लक्षात आलं आणि अंगाची लाही लाही झाली.

पंधरा दिवसांत बागेनं नवती काढली, म्हणजे कोवळी पानं. फूल एक नाही. एवढी हिरवीगार, लुसलुशीत बाग की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. नेमके त्याच आठवड्यात शेठ खदानीवर आले, गाडीची काच खाली करून म्हणाले, "क्या हरियाली है! देखो, लोग कहते हैं क्रशर के पास कुछ उगता नहीं." मी खाली मान घालून उभा राहिलो. मग तिथंच, रस्त्यावर उभ्या उभ्या, त्यांना सगळं सांगून टाकलं. शेठ गाडीतून उतरले. नुकसान झालं ते भरून द्या, म्हणाले. तो निरोप घेऊन मी काकूंकडे गेलो.

"भरपाई घेऊन काय करू मी?" काकू म्हणाल्या. "नोटा टांगू का फांदीले? बहार पाह्यजे मले."

बहार कुठून आणणार? पण संत्र्याचं झाड दयाळू आहे, वर्षातून दुसरी संधी देतं. थंडीतला बहार चुकला तर मे महिन्यात ताण द्यायचा, मृगाच्या पावसावर फुलं धरायची. काकूंनी ते ठरवूनच टाकलं होतं. दिरालाही त्यांनी गाठलं होतं: तू उभं राहून पाहून गेला, त्या अडाण्याले थांबवलं काहून नाई? दिराला काही त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही. मृगापर्यंत थांबतो, एवढं कबूल करून ते सटकले. यातला अडाणी म्हणजे मी, हे काकूंनी मला मुद्दाम समजावून सांगितलं.

"पण मृगात पाऊस लांबला तर?" मी विचारलं. माझी विचारायची सुरुवात तिथून झाली.

"त्याचंच तर भेव आहे. जूनमंधी माही विहीर खडखडीत असते."

आमच्या खड्ड्यात जूनमध्येही पाणी असतं. मी तिथून त्यांच्या बांधापर्यंत पाईप टाकला, पंप बसवला, पाईपच्या तोंडाशी व्हॉल्व्ह लावला आणि साखळी घालून त्याला कुलूप ठोकलं. चावी काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती करदोट्याला बांधावी तशी साडीच्या गाठीला पक्की बांधली. "मी सांगीन तवा," त्या म्हणाल्या. "त्याच्या आंधी एक थेंब आला ना, तर तुमच्या क्रशरवर खाट टाकून झोपीन."

अडचण एकच होती. उन्हाळ्यात रस्त्यावर मारायचं पाणीही त्याच खड्ड्यातलं. दोन्हीला पुरणार नव्हतं. मी खड्ड्याच्या दगडी भिंतीवर लाल रंगाची रेघ ओढली आणि सगळ्यांना सांगितलं, हिच्या खालचं पाणी आपलं नाही. मग रस्त्याची धूळ कमी करायला टिप्पर टेकडीमागच्या लांबच्या वाटेनं वळवले आणि क्रशरला तीन बाजूंनी पत्रे ठोकले. जास्तीच्या डिझेलवरून शेठ दोन दिवस कुरकुरले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन करून विचारलं, "काकी का पानी है ना?"

मे महिना मी कसा काढला, ते माझं मला माहीत. नागपूरचं ते ऊन, खड्ड्यात रेघेपर्यंत भरलेलं पाणी, आणि समोर अडीचशे झाडं रोज थोडी थोडी माना टाकताहेत. मी माणूसच असा की दारात कुत्रं धापा टाकताना दिसलं तरी हातातला चहा खाली ठेवून वाटी शोधतो. आता मला काहीही न करता नुसतं बघत राहावं लागणार होतं. रोज सुरुंग उडाला, धूळ बसली की मी वाट ओलांडून बांधावर जायचो. काकू झाडाखाली बसलेल्या असायच्या.

"हात शिवशिवून राहिले का, साहेब?"

"लय शिवशिवून राहिले, काकू."

"मंग खिशात घाला."

काकू मला बघायला शिकवत होत्या. पान नुसतं दुमडलं म्हणजे काय, पिवळं पडून गळलं म्हणजे काय. फांदीची साल नखानं जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं की झाड तहानलेलं आहे, मेलेलं नाही. सात जूनपर्यंत सगळं त्यांच्या हिशेबानं चाललं होतं. मग मृग लागला आणि पाऊस आला नाही. ढग यायचे, कळमेश्वरवरून सरकत जायचे, दुसऱ्यांच्या वावरांवर काय पडायचं ते पडायचं. आठ दिवस झाले, दहा झाले. पानांचा सडा पडायला लागला. मी रोज कुलपाकडे बघायचो आणि काकू रोज फांदी खरवडून म्हणायच्या, "आज नाई."

बाराव्या दिवशी दीर आले. बागेत फिरून आले आणि या वेळी हसले नाहीत. "वहिनी, झाडं चालली. आता हट्ट सोडा," म्हणाले. मला राहवलं नाही. "त्या दिवशी तुमीच नाई का वा वा करून गेले?" मी ओरडलो. काकूंनी मलाच गप्प केलं. भांडून पाऊस येत नसते, म्हणाल्या. पण दीर गेल्यावर त्यांनी एकच फांदी पुन्हा पुन्हा खरवडून पाहिली. त्या खूप घाबरल्या होत्या, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी सव्वाएकला, पहिला भोंगा झाल्यावर, काकू झपाझप चालत ऑफिसात आल्या. हातात खरवडलेली फांदी. आतलं हिरवं आता फिकं पडलं होतं.

"आज," त्या म्हणाल्या.

पण सुरुंगाच्या वेळी कोणाला बाहेर सोडायचं नाही, हा नियम माझाच. मी म्हटलं, "काकू, दीड वाजू द्या." त्या खुर्चीत बसल्या. "चाळीस दिवस काढले, पंधरा मिनिटं बी काढीन." दुसरा भोंगा झाला, तिसरा झाला, दणका झाला, खिडकीच्या काचा थरथरल्या. गावात लोकांनी ताटं वाढून घेतली असतील. सगळं ठीक असल्याचा भोंगा मी स्वतः दिला आणि आम्ही दोघं बांधाकडे जवळजवळ पळतच गेलो.

कुलूप उघडेना. आमच्याच धुळीनं जाम झालेलं. काकूंनी चावी फिरवून पाहिली, फुंकर मारून पाहिली, मग वाटेवरची एक मोठी गिट्टी उचलून कुलपावर दोन ठोके हाणले. उघडलं. पाईपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. मी पुढे झालो तर त्यांनी हात आडवा केला.

"तुमी इथंच उभे राहा. बागेत पाय ठेवाचा नाई."

मी बांधावर उभा राहिलो. काकूंनी एकेका आळ्यात बेताबेतानं पाणी सोडलं, पुढच्या झाडाकडे सरकल्या, वळून पुन्हा मागचं बघितलं. अकरा खेपांत मी जे एका दिवसात उरकलं होतं, ते त्यांनी तीन दिवस पुरवून केलं. पाऊस त्यानंतर आठवड्यानं आला.

जुलैमध्ये एका सकाळी क्रशर सुरू व्हायच्या आधी मी गेट उघडायला लावलं आणि थबकलो. आमच्याकडे डिझेलचा वास असतो, तापलेल्या दगडाचा असतो. त्या दिवशी सगळ्या खदानीवर संत्र्याच्या फुलांचा वास पसरला होता. छत्तीसगडचा तो ड्रायव्हर टँकरच्या पायरीवर डोळे मिटून बसला होता. बाग पांढरी दिसत होती आणि तो पांढरेपणा आमच्या धुळीचा नव्हता. मी धावत बांधापर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो, कारण आत यायला अजून कोणी सांगितलं नव्हतं. काकूंनी झाडाआडून पाहिलं. "या भाऊ," म्हणाल्या. साहेब नाही म्हणाल्या.

फेब्रुवारीत फळं उतरली. फळांची तोडणी चालू असताना एका दुपारी काकू टोपली घेऊन ऑफिसात आल्या आणि त्यांच्यामागे दीर. दीर दारातच उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली, आणि माझ्यासमोरच म्हणाले, "वहिनी, बाग तुमची झाली. आता मे महिन्यात माह्या बी बागेचा ताण तुमीच पाहा. पाणी कवा तोडाचं, कवा द्याचं, तुमी सांगान तसं करतो." काकूंनी टोपली टेबलावर ठेवली. टोपलीतलं एक संत्रं सोललं, अर्धं त्यांना दिलं, अर्धं मला. दीर फोडी खात होते आणि काकू खिडकीतून आपल्या बागेकडे बघत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना, इतका आनंद होता त्या चेहऱ्यावर.

जाताना त्या गेटवर थांबल्या. तक्रारवही काढली, सुतळीला बांधलेला पेन घेतला आणि उभ्यानंच काहीतरी लिहिलं. त्या गेल्यावर मी वही बघितली. पहिल्या पानावर, इतक्या वर्षांतली पहिली नोंद: "साहेबांनी यंदा विचारल्याशिवाय काही केले नाही. चावी माझ्याजवळच राहील." खाली सही.

मी ते दोनदा वाचलं आणि डोळे पुसले. सुतळी नुसतीच लोंबकळत होती. पेन काकू घेऊन गेल्या होत्या.